बाहुबळ आणि वाणी : दारासिंग यांची चित्रपट-कारकीर्द

दिल्लीच्या मंडी हाऊस चौकात उभे राहिले की दोन वास्तू हाकेच्या अंतरावर दिसतात. एक रवींद्र भवन, म्हणजे साहित्य, संगीत-नाटक आणि ललित कला या तिन्ही अकादमींचे घर. दुसरी दूरदर्शनची. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी यांतील दुसऱ्या वास्तूच्या अधिकाराने रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका देशभर प्रक्षेपित होत होती आणि तेवढ्या वेळापुरते शहरांचे रस्ते ओस पडत होते. त्या मालिकेत हनुमानाच्या भूमिकेत एक अठ्ठावन्न-एकोणसाठ वर्षांचा मल्ल होता. पहिल्या वास्तूत वावरणाऱ्या आम्हा मंडळींना त्या मालिकेविषयी पुष्कळ बोलायचे होते : महाकाव्याचे लोकरंजनात होणारे रूपांतर, धर्मभावना आणि प्रसारमाध्यम, संहितेची निवड. त्या मल्लाविषयी मात्र कोणालाच काही बोलायचे नव्हते. पुढे काही वर्षांनी एका परिसंवादात प्रस्तुत लेखकाने लोकप्रिय नायकाच्या संदर्भात दारासिंग यांचे नाव उच्चारले, तेव्हा सभागृहात हशा पिकला. हसणाऱ्यांत दुष्टावा नव्हता. हे नाव अभ्यासविषय म्हणून घेतले जाऊ शकते, ही कल्पनाच त्यांना विनोदी वाटली होती. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर वक्त्यानेही त्या हशात सामील होऊन विषय बदलला. हा लेख त्या बदललेल्या विषयाकडे परत येण्याचा एक प्रयत्न आहे.

दारासिंग यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९२८ रोजी अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक या गावी एका जाट शीख शेतकरी कुटुंबात झाला. देशाच्या फाळणीच्या सुमारास ते सिंगापूरला गेले. तेथे पिंपे तयार करणाऱ्या कारखान्यात मजुरी करीत असता हरनामसिंग यांच्या देखरेखीखाली त्यांनी व्यावसायिक कुस्तीचे शिक्षण घेतले. मलायात नाव कमावून ते भारतात परतले आणि १९५४ मध्ये ‘रुस्तुम-ए-हिंद’ ठरले. योगायोग असा की साहित्य अकादमीची स्थापनाही १९५४ चीच. १९५९ मध्ये कलकत्त्यात जॉर्ज गॉर्डिएन्को याला हरवून त्यांनी राष्ट्रकुल विजेतेपद मिळविले, तर १९६८ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ याच्यावर मात केली. १९८३ मध्ये दिल्लीत झालेल्या स्पर्धेत त्यांनी कुस्तीतून निवृत्ती पत्करली. ही झाली मल्लाची कारकीर्द. नटाची कारकीर्द तिला समांतर चालली : १९५२ च्या ‘संगदिल’मधील किरकोळ दर्शनापासून २००७ च्या ‘जब वी मेट’मधील आजोबांपर्यंत. पण या दीर्घ प्रवासातील खरा नायकपदाचा काळ १९६२ ते साधारणतः १९७० एवढाच आहे, आणि आपल्या विवेचनाचा केंद्रबिंदूही तोच आहे.

या काळाकडे वळण्यापूर्वी त्यामागील परंपरा ध्यानात घेतली पाहिजे, आणि ती परंपरा मराठी वाचकाला परकी नाही. भारतीय पडद्यावरील पहिल्या पिढीतील साहसी नायकांत अग्रस्थान एका मराठी नटाचे आहे. मास्टर विठ्ठल हे मूकपटांच्या जमान्यात तलवारबाजी, घोडदौड आणि उड्या यांसाठी इतके गाजले की त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हटले जाई. १९३१ मध्ये अर्देशीर इराणी यांनी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट काढला, तेव्हा नायक म्हणून त्यांचीच निवड झाली. त्यासाठी त्यांनी आधीच्या कंपनीशी असलेला करार मोडला, प्रकरण न्यायालयात गेले आणि मुहंमद अली जिना यांनी त्यांची बाजू लढवून ते जिंकले. एवढे सगळे करून जेव्हा मास्टर विठ्ठल ध्वनिमुद्रकासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांचे हिंदुस्थानी उच्चार नायकाला शोभणारे नाहीत असे ठरले. परिणामी बोलणाऱ्या पहिल्या चित्रपटाचा नायक बराच वेळ अर्धवट शुद्धीत, जवळजवळ न बोलताच पडद्यावर वावरला. पुढे त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने दुय्यम भूमिका आल्या आणि १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले.

ही घटना चित्रपटेतिहासातील एक गमतीदार किस्सा म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती एका दीर्घ फारकतीची सुरुवात आहे. मूकपटात नायकाची देहबोली हीच त्याची भाषा होती. बोलपट आला आणि नायकपदाचे दोन भाग झाले. वाणी, गीत, भावना आणि पर्यायाने प्रतिष्ठा हा एक भाग सामाजिक चित्रपटाच्या नायकाकडे गेला. धावणे, लढणे, पेलणे आणि कोसळणे हा दुसरा भाग स्टंटपटाच्या नायकाकडे राहिला. वाडिया बंधूंनी या दुसऱ्या प्रदेशाची मशागत केली. १९३५ च्या ‘हंटरवाली’ने नादिया यांना घरोघर पोहोचविले, तर होमी वाडिया यांच्या १९३७ च्या ‘तुफानी टारझन’मध्ये जॉन कावस हे पीळदार शरीराचे पारशी नट पहिले भारतीय टारझन झाले. पुढे १९५८ मध्ये त्याच घराण्यातून ‘झिंबो’ आला आणि १९६० मध्ये हाच झिंबो शहरात आला. दारासिंग यांच्यापर्यंत पोहोचणारी वाट ही अशी आहे. ते आकाशातून पडले नाहीत. मास्टर विठ्ठलांपासून चालत आलेल्या, हळूहळू मुक्या होत गेलेल्या एका नायकाचे ते वारसदार होते.

वारसा एवढ्याने पूर्ण होत नाही. दारासिंग पडद्यावर आले ते मल्ल म्हणून, आणि त्यांच्या मल्लविद्येविषयीच त्या काळी शंका घेतली जाई. ज्या कुस्त्यांनी ते देशभर प्रसिद्ध झाले त्या मातीतल्या नव्हत्या. दोरखंडांनी वेढलेल्या रिंगणात, तिकीट लावून, परदेशी मल्लांच्या भडक नावांनी सजलेल्या ‘फ्री स्टाइल’ कुस्त्या होत्या त्या. जगभरच्या व्यावसायिक कुस्तीप्रमाणे त्यांतही निकालाची आखणी असते, हे जाणकारांना ठाऊक होते. कोल्हापूरच्या तालमींत वाढलेल्या वस्तादांना हा प्रकार तमाशाचा वाटला तर नवल नाही. येथे एक तुलना अपरिहार्य होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तिकडे जाण्यासाठी त्यांना लोकवर्गणी गोळा करावी लागली होती, आणि पदकानंतरही आयुष्य पोलीस खात्यातील नोकरीत व आर्थिक ओढगस्तीत गेले. १९८४ मध्ये अपघातात त्यांचा मृत्यू झाला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, मरणोत्तर. १९५९ मध्ये पहिले हिंद केसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे सीमाभागातील एकसंब्याचे. त्यांचे नाव आजही कुस्तीशौकिनांच्या ओठी आहे, पण त्या वर्तुळाबाहेर किती जणांना ते ठाऊक असेल? खरी कुस्ती खेळणारे विस्मृतीत गेले आणि कुस्तीचा खेळ करणारा देशाचा आदर्श ठरला, असा आक्षेप कोणी घेतला तर तो सहज झटकून टाकता येणार नाही.

मात्र आक्षेप नोंदवल्यावर प्रश्न संपत नाही. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त यांनी आपल्या १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकाचा आरंभच व्यावसायिक कुस्तीवरील निबंधाने केला आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, या कुस्तीचा प्रेक्षक ती खरी की खोटी या प्रश्नात अडकत नाही. दुःख, पराभव आणि न्याय यांचे स्पष्ट, निःसंदिग्ध दर्शन त्याला हवे असते, जसे ते ग्रीक रंगभूमीच्या प्रेक्षकाला हवे होते. हे मान्य केले तर दारासिंग यांचे रिंगणातून पडद्यावर येणे हे व्यवसायांतर ठरत नाही. मुंबईतील मैदानात एमिल झाया ऊर्फ ‘किंग काँग’ या आपल्याहून कितीतरी वजनदार मल्लाला डोक्यावर उचलणारा दारासिंग आणि पडद्यावर राक्षसाला उचलणारा दारासिंग यांचा प्रेक्षक एकच होता आणि त्याची अपेक्षाही एकच होती. मैदानात तो आधीपासूनच अभिनय पाहत होता. त्याच्या अंगावर ज्याचे ओझे होते अशा कोणत्या तरी प्रचंड वस्तूला एक माणूस उचलून आपटतो आहे, हे त्याला पाहायचे होते.

१९६२ मध्ये ‘किंग काँग’ याच नावाचा चित्रपट आला. हॉलिवूडमधल्या १९३३ च्या अजस्र वानराचे हे नाव इथल्या प्रेक्षकाला कुस्तीच्या भित्तिपत्रकांवरून अधिक परिचित होते. दिग्दर्शक होते बाबूभाई मिस्त्री, १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त काळ्या दोऱ्याच्या साहाय्याने वस्तू अधांतरी नाचवणारे आणि म्हणून ‘काला धागा’ म्हणून ओळखले गेलेले चमत्कृतिदृश्यांचे कसबी कलावंत. नायिका कुमकुम, संगीत चित्रगुप्त. चित्रपट चालला आणि एक मागणी निर्माण झाली. १९६३ चा ‘फौलाद’, १९६४ मधील ‘सॅमसन’, ‘हर्क्युलिस’, ‘रुस्तम-ए-रोम’, ‘आया तूफान’, ‘आँधी और तूफान’, १९६५ मधील ‘बॉक्सर’, ‘लुटेरा’, ‘सिकंदर-ए-आझम’ अशी रांगच लागली. या नावांवरून नजर फिरविली तरी त्यांची भौगोलिक व कालिक बेपर्वाई जाणवते. रोम, ग्रीस, बायबल, अरबस्तान, समुद्रावरचे लुटारू : सर्व काही मुंबईच्या स्टुडिओंत, पुठ्ठ्याच्या खांबांमध्ये, बहुधा कृष्णधवल आणि बेताच्या खर्चात उभे राहत होते.

याच्या मागे युरोपातील एक लाट होती हे खरे. १९५८ मध्ये पिएत्रो फ्रांचिस्की यांनी स्टीव्ह रीव्ह्ज या अमेरिकन शरीरसौष्ठवपटूला घेऊन इटलीत हर्क्युलिसवर चित्रपट काढला. पुढील वर्षी तो अमेरिकेत प्रचंड चालला आणि मल्लांच्या पौराणिक साहसांची जगभर टांकसाळ उघडली. आपल्याकडील निर्मात्यांनी त्याची नक्कल केली, हेही खरे. परंतु नक्कल म्हटले की आपली जिज्ञासा संपते, ही आपल्या समीक्षेची जुनी खोड आहे. रीव्ह्जचे शरीर आरशासमोर घडविलेले, प्रमाणबद्ध, संगमरवरी पुतळ्याची आठवण करून देणारे आहे. दारासिंग यांचे शरीर तसे नाही. ते तालमीतले शरीर आहे : रुंद, भरीव, स्नायूंच्या रेघा दाखविण्यापेक्षा वजन पेलण्याकरिता घडलेले, दूध-तुपावर पोसलेले, शेतकऱ्याचे. प्रेक्षागृहाच्या पुढल्या बाकांवर बसलेल्या गिरणी कामगाराने, हमालाने, शेतमजुराने असे शरीर आपल्या गावात पाहिले होते. ग्रीक देवपुत्राचा पोशाख घातलेला तो गडी त्याच्या ओळखीचा होता. आयात केलेल्या साच्यात ओतलेली माती इथली होती, आणि त्यामुळेच हे चित्रपट इटालियन नमुन्यांची भाषांतरे राहिले नाहीत.

या चित्रपटांची रचना पाहिली तर मघाशी सांगितलेल्या फारकतीचा पुढला टप्पा दिसतो. नायकाचे संवाद मोजके. त्यांच्या हिंदीवर पंजाबीची दाट छाप होती आणि तिची थट्टा होत असे. प्रेमगीतांचा भार पुष्कळदा नायिकेच्या वाट्याला येई आणि नायक तिच्याकडे भाबड्या स्मिताने पाहत राही. हे स्मित महत्त्वाचे आहे. इतक्या ताकदीच्या माणसाच्या चेहऱ्यावर हिंसेचा लवलेशही नसणे, हे दारासिंग यांचे वैशिष्ट्य होते आणि स्त्रिया व मुले निर्धास्तपणे त्यांचे चित्रपट पाहत ती त्यामुळेच. मुमताज यांच्याबरोबर त्यांनी सोळा चित्रपट केले. प्रतिष्ठित नायक ज्या काळात मुमताज यांना नायिका म्हणून स्वीकारायला तयार नव्हते, त्या काळात या ‘दुय्यम’ चित्रपटांनी त्यांना नायिकापद दिले. १९६९ च्या ‘दो रास्ते’नंतर त्या पहिल्या श्रेणीत गेल्या. मागे राहिलेल्या नायकाला तो जिना उपलब्ध नव्हता. नायिकेला भाषा आणि नृत्य यांच्या बळावर वर चढता आले, आणि केवळ बाहुबळाचा धनी खालीच थांबला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

‘सिकंदर-ए-आझम’ (१९६५) या चित्रपटात ही विभागणी अगदी ठळकपणे समोर येते. केदार कपूर यांनी त्यात सिकंदराची भूमिका दारासिंग यांना दिली आणि पोरसाची पृथ्वीराज कपूर यांना. पृथ्वीराज यांनी सोहराब मोदी यांच्या १९४१ च्या ‘सिकंदर’मध्ये स्वतः सिकंदर रंगविला होता, आणि पल्लेदार उर्दू संवादांच्या जोरावर तो अजरामर केला होता. चोवीस वर्षांनी तोच सिकंदर दारासिंग यांच्याकडे आला तेव्हा त्याच्याजवळची वाणी पोरसाकडे गेली. भारताची थोरवी गाणारे मुहंमद रफी यांच्या आवाजातील जे गीत आजही शाळाशाळांतून म्हटले जाते, ते याच चित्रपटातले. ते सिकंदराच्या बाजूचे नाही, हे वेगळे सांगायला नको. वक्तृत्व आणि राष्ट्र एका बाजूला, शरीर आणि आक्रमण दुसऱ्या बाजूला, अशी ती मांडणी आहे. राष्ट्राने बोलावे आणि शरीराने हरावे, किंवा फार तर औदार्य दाखवून परत जावे!

त्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाने ‘टारझन कम्स टू दिल्ली’ काढला. संगीतकार होते दत्ताराम आणि नायिका मुमताज. तीन वर्षांपूर्वी, १९६२ मध्ये, ‘टारझन गोज टू इंडिया’ हा परदेशी चित्रपट भारतात चित्रित झाला होता. त्यात पाश्चात्त्य टारझन भारताच्या अरण्यात आला होता. १९६५ च्या शीर्षकाने जणू त्याला उत्तर दिले : आमचा टारझन अरण्यात जाणार नाही, तो राजधानीत येईल. नेहरूंच्या निधनानंतरचे ते पहिले पूर्ण वर्ष. धान्यटंचाई होती, सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले आणि लालबहादूर शास्त्रींनी जवान व किसान यांचा एकत्र जयघोष केला. नियोजनकारांच्या, भाषणांच्या, इंग्रजी कचेऱ्यांच्या त्या दिल्लीत एक अर्धनग्न, अबोल, बलवान माणूस येतो, ही कल्पनाच बोलकी आहे. ती कोणी जाणीवपूर्वक प्रतीक म्हणून योजली असेल असे मानण्याचे कारण नाही. धंदेवाईक निर्मात्याला शीर्षक चटकदार वाटले असेल, इतकेच. परंतु लोकप्रिय कलेत अर्थ असाच शिरतो, निर्मात्याच्या नकळत आणि प्रेक्षकाच्या गरजेतून. शेतातून, गिरणीतून, फाळणीनंतरच्या वस्त्यांतून दिल्लीत आलेल्या आणि तिथली भाषा न येणाऱ्या असंख्य माणसांना तो टारझन आपला वाटला असेल, तर त्यात नवल कसले?

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे आणखी एक गोष्ट पाहावी. एडगर राइस बरोज यांच्या १९१२ च्या मूळ कादंबरीतील टारझन मुका नाही. अरण्यातील झोपडीत सापडलेल्या पुस्तकांवरून तो स्वतः वाचायला शिकतो. एकही मानवी शब्द उच्चारण्याआधी तो साक्षर झालेला असतो. ऑलिम्पिक जलतरणपटू जॉनी वाइसम्युलर यांनी १९३२ पासून पडद्यावर साकारलेला टारझन मात्र तुटक दोन शब्दांपलीकडे जात नाही. म्हणजे टारझनची भाषा काढून घेतली ती चित्रपटाने. बलवान माणूस बुद्धिमान असू शकत नाही, हा आधुनिक सुशिक्षित वर्गाचा लाडका समज आहे आणि तो केवळ आपल्या देशापुरता मर्यादित नाही.

या समजाची मराठी वाङ्मयातील खूण शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्या कादंबरीचा आरंभ अद्भुतातूनच झाला. १८६१ ची लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि त्याच दशकातील रिसबुडांची ‘मंजुघोषा’ यांचे नाव आपण वाङ्मयेतिहासात घेतो ते वास्तववादाच्या पूर्वीची बाल्यावस्था म्हणून. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पिढ्यान् पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, आणि तरी आमच्या अभ्यासक्रमांनी त्यांच्यासाठी एक तासिकाही राखून ठेवली नाही. १९५९ मध्ये अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ आली. तिच्या नायकाचे शरीर हे उपाशी वस्तीला जगविणारे शस्त्र आहे. त्या कादंबरीला राज्य पुरस्कार मिळाला, वाचक मिळाले, परंतु तिच्यातील पराक्रम आणि अद्भुताचा अंश ‘चित्रपटी’ ठरवून बाजूला सारणारे अभिजन समीक्षकही होतेच. ‘फकिरा’ आणि ‘फौलाद’ यांना एका तराजूत तोलण्याचा येथे हेतू नाही. एकीत सामाजिक अन्यायाचे भेदक भान आहे, दुसऱ्यात ते नाही. पण दोहोंच्या संदर्भात नाक मुरडण्याची आपली रीत एकच होती. श्रमणारे शरीर दुःख भोगताना दिसले तर ते वाङ्मय, आणि जिंकताना दिसले तर ते रंजन, असा काहीसा अलिखित नियम आपण पाळत आलो. गावच्या जत्रेत तंबूच्या कापडावर दारासिंग जिंकत असत, तेव्हा शेजारी मांडी घालून बसलेल्या माणसांच्या तोंडून निघणारा हुंकार या लेखकाने लहानपणी ऐकला आहे. तो हुंकार त्याच्या प्रबंधात कोठेही उमटला नाही.

सत्तरीच्या दशकात या चित्रपटांना ओहोटी लागली. रंगीत चित्रण सार्वत्रिक झाले आणि अल्पखर्ची कृष्णधवल चित्रपटाचे गणित बिघडले. त्याहून महत्त्वाचे कारण असे की, मारामारी आता प्रतिष्ठित नायकाने स्वतःकडे घेतली. १९७३ च्या ‘जंजीर’पासून पुढे आलेला संतप्त तरुण लढतही होता आणि बोलतही होता. वाणी आणि बाहुबळ यांची फारकत संपली, पण ती संपविताना मल्ल बाहेर फेकला गेला. दारासिंग यांनी हा बदल समजुतीने स्वीकारलेला दिसतो. १९७० च्या ‘मेरा नाम जोकर’मध्ये आणि १९७१ च्या ‘आनंद’मध्ये त्यांनी छोट्या भूमिका केल्या. ‘आनंद’मधील आखाड्याचे वस्ताद म्हणजे त्यांच्याच प्रतिमेला वाहिलेली एक प्रेमळ दाद आहे. पंजाबीत त्यांनी ‘नानक दुखिया सब संसार’ (१९७०) दिग्दर्शित केला, मोहालीत स्टुडिओ उभारला, आणि १९८९ मध्ये पंजाबीतून आत्मकथाही लिहिली. ज्याला पडद्याने बोलू दिले नाही, त्याने मातृभाषेत लेखणी हाती धरली, ही गोष्ट एकाही चित्रपटेतिहासाने गंभीरपणे घेतलेली नाही.

आणि मग हनुमान. १९७६ च्या ‘बजरंगबली’त त्यांनी ही भूमिका केली होती. ‘रामायण’ मालिकेने ती घराघरांत नेली. येथे ही कारकीर्द एका अनपेक्षित वळणाने पूर्णत्वाला जाते. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात भिक्षूच्या वेषातील हनुमान राम-लक्ष्मणांना प्रथम भेटतो, तेव्हा रामाला त्याच्या बळाचा परिचयही झालेला नसतो. राम लक्ष्मणाजवळ प्रशंसा करतो ती त्याच्या वाणीची : वेदांचे अध्ययन केल्याखेरीज असे बोलता येणार नाही, याने व्याकरण सर्वांगांनी अभ्यासलेले असले पाहिजे, इतके बोलूनही एक अपशब्द याच्या तोंडून निघाला नाही. आपल्या परंपरेतील सर्वांत बलवान देह हा सर्वांत शुद्ध वाणीचाही धनी आहे. समर्थ रामदासांनी सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात अकरा मारुती स्थापिले, आणि महाराष्ट्रातील प्रत्येक तालमीत लंगोट कसण्यापूर्वी ज्याच्यापुढे माथा टेकला जातो, तो हाच शक्ती-युक्तीचा देव. बल आणि बुद्धी यांची फारकत ही आपली परंपरा नव्हेच. ती आपण अलीकडे, शाळा-कचेऱ्यांच्या जगात शिकलो.

दारासिंग यांच्या हनुमानाचे उच्चार पंजाबी वळणाचेच होते. व्याकरणपंडिताच्या भूमिकेला ते शोभणारे नव्हते, असे शुद्धतावादी म्हणू शकेल. पण १९३१ मध्ये ज्या कारणासाठी मास्टर विठ्ठलांच्या तोंडावर शुद्धीच्या अभावाचे पांघरूण घातले गेले, त्याच कारणाकडे १९८७ च्या प्रेक्षकाने साफ दुर्लक्ष केले. त्याला त्या वाणीत विनय ऐकू आला. पंचवीस वर्षे राक्षसांना उचलून आपटणारा माणूस हात जोडून, मान लववून, सावकाश बोलत होता, आणि त्या नम्रतेला वजन होते, कारण तिच्यामागे किती बळ आहे हे देशाला ठाऊक होते. एखाद्या कसलेल्या परंतु सडपातळ नटाने ते सारे अधिक शुद्ध उच्चारांत म्हटले असते, तर तो परिणाम साधला नसता. नम्रतेचा अभिनय करता येतो. बळ असूनही नम्र राहणे याला मात्र आयुष्य लागते, आणि कॅमेऱ्याला ते दिसते. २०२० च्या टाळेबंदीत ती मालिका पुन्हा दाखविण्यात आली, तेव्हा नव्या पिढीनेही या हनुमानाला आपलेसे केले.

२००३ मध्ये दारासिंग यांची राज्यसभेवर नामनियुक्ती झाली. क्रीडाक्षेत्रातून असा मान मिळणारे ते पहिले. २००९ पर्यंत ते सदस्य होते. त्यांचा पडद्यावरील प्रतिस्पर्धी पोरस, म्हणजे पृथ्वीराज कपूर, त्या सभागृहात १९५२ मध्येच नामनियुक्त झाले होते. वाणीला जे पहिल्या वर्षी मिळाले ते बाहुबळाला मिळायला एक्कावन्न वर्षे लागली. अरण्यातला टारझन दिल्लीत आला होता १९६५ मध्ये. दिल्लीने त्याला आत घेतले ते इतक्या उशिरा. १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरम्यान २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला खाशाबा जाधव यांचे नाव देण्यात आले. मातीतला मल्ल आणि पडद्यावरचा मल्ल या दोघांनाही राजधानीने आपापल्या परीने, उशिरा का होईना, मानले.

साहित्यसंस्थांनी काय केले, हा प्रश्न उरतो, आणि तो केवळ सौजन्याचा नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे ‘सॅमसन’ आणि ‘हर्क्युलिस’च्याच वर्षी. त्यापूर्वीचे बरेचसे हरवले होते. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मास्टर विठ्ठलांचा तो अर्धवट शुद्धीतला नायक आपण कधीही पाहू शकणार नाही. कोणती कलाकृती जतन करायची हे शेवटी कोणत्या कलाकृतीविषयी कोणी गांभीर्याने लिहिले आहे यावर ठरते. समीक्षकाने हसून विषय बदलला की काही वर्षांनी त्या विषयाचे रीळ कोठल्या तरी गोदामात विरून जाते. समीक्षेच्या मौनाला असे भौतिक परिणाम असतात, हे आमच्या पिढीला उशिरा उमगले.

दारासिंग यांचे सारेच चित्रपट कलादृष्ट्या थोर होते, असा दावा येथे केलेला नाही आणि करणेही शक्य नाही. त्यांतील पुष्कळ घाईने, ठोकळेबाज पटकथांवर बेतलेले होते. परंतु एका नव्या प्रजासत्ताकातील कोट्यवधी श्रमिकांनी आपल्या शरीराविषयी काय स्वप्न पाहिले, याची नोंद जितकी त्या चित्रपटांत आहे तितकी त्या दशकाच्या प्रतिष्ठित वाङ्मयात क्वचितच सापडेल. ती नोंद वाचण्यासाठी वेगळी समीक्षापद्धती लागेल : संवादापेक्षा हालचालीकडे, कथानकापेक्षा वजनाकडे आणि शैलीपेक्षा स्मिताकडे पाहणारी. ती घडविण्याचे काम पुढील अभ्यासकांचे आहे. मंडी हाऊसच्या चौकातील त्या दोन वास्तूंमधला रस्ता फार रुंद नाही. तो ओलांडायला आम्हांला इतकी वर्षे लागली, एवढेच.